रिकामे सासरे, भरलेले सासरे

"बाबांच्या जेवणाचं मी बघतो," हे एक वाक्य मी बोललो नसतो, तर घरात आज माझी जी किंमत आहे तिच्यापेक्षा थोडी बरी असती. (फार नाही. पण थोडी.)

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे आणि सकाळी चार अंडी, दुपारी कोंबडी, रात्री उरलेली कोंबडी, अशा कडक शिस्तीत जगायचे. मध्यंतरी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दीड तास तसेच भिंतीला टेकून बसून राहिले, कारण हाक मारायला घरात कोणीच नव्हतं. हे कळल्यावर माझी बायको तडक गेली आणि त्यांना पिशवीसकट घेऊन आली.

"आता बाबा इथेच राहणार," ती म्हणाली.

"आठ दिवस," बाबा म्हणाले.

आठ दिवसांच्या आत तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो होतो. (मला बोलावलं नव्हतं, पण कागदपत्रं नीट लावणारा माणूस बरोबर असलेला बरा.) डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"कोलेस्टेरॉल फार वाढलंय. मांस आणि अंडी बरीच कमी करायची. पण प्रोटीन कमी होऊ द्यायचं नाही. या वयात स्नायू झिजले की पुन्हा भरून येणं अवघड असतं. तेव्हा डाळी, हरभरे, चवळी, राजमा, सोयाबीन, टोफू, शेंगदाणे. दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पोटात गेलं पाहिजे."

मग त्यांनी खणातून हाताची पकड मोजायचं एक यंत्र काढलं. सायकलच्या ब्रेकसारखी मूठ आणि वर एक तबकडी. बाबांनी ते दाबलं. काटा एकतीस किलोवर गेला.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते अंड्यांचं काम आहे," बाबा म्हणाले. "ठीक आहे. दीड महिना मी तुमचा पाला खातो. दीड महिन्याने हेच यंत्र आणा. काटा एकतीसच्या खाली आला, तर मी माझ्या घरी आणि कोंबडी माझ्या ताटात. नाही आला, तर पोरगी म्हणेल तसं. मात्र तेव्हा कोणी रडायचं नाही."

शेवटचं वाक्य ते मुलीकडे बघून बोलले. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या आशेने फक्त एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा माझ्यामागे प्लंबर उभा होता. माझा ऊर भरून आला आणि मी ते वाक्य बोलून गेलो.

आता माझा आत्मविश्वास उगाच नव्हता. मी वजनकाट्यावर क्लार्क आहे. म्हणजे ट्रक तोलायचा तो मोठा काटा, रस्त्यात बसवलेला. पद्धत साधी असते. भरलेला ट्रक येतो, त्याचं वजन घ्यायचं. माल उतरवून तो रिकामा येतो, पुन्हा वजन घ्यायचं. मोठ्यातून लहान वजा केलं की मालाचं वजन निघतं. ड्रायव्हर तोंडाने काय वाटेल ते सांगतो, शपथा घेतो, मुलाबाळांची नावं घेतो. आम्ही ऐकत नाही. आम्ही काट्याकडे बघतो.

बाबांना खायला घालायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न माझ्यासमोर हाच आला. ताटात चारशे ग्रॅम हरभरे वाढले. ठीक. पण ते पोटात गेले हे कशावरून? ताट रिकामं दिसलं म्हणून? असे रिकामे ट्रक मी पुष्कळ पाहिलेत!

तेव्हा बाबांचंच वजन करायचं, हे ओघानेच आलं. जेवणाआधी रिकामे बाबा. जेवणानंतर भरलेले बाबा. वजाबाकी केली की जेवण. आमच्या ऑफिसच्या मागे पार्सल तोलायचा एक जुना काटा पडून होता, लोखंडी पत्र्याचा, वीस ग्रॅमपर्यंत अचूक. साहेबांची परवानगी घेऊन मी तो घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसवला, म्हणजे कोणी बगल देऊन जाऊ नये.

बायको कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनचं काम करते. ती संध्याकाळी दमून आली, स्वयंपाकघरात जायला पाऊल टाकलं आणि समोर लाल आकडे पेटले.

"हे काय आहे?"

"काटा."

"ते दिसतंय. आपल्या घरात का आहे?"

मी सगळं समजावून सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"अहो, माणूस म्हणजे काय पॅंट आहे का, मापात बसवायला? त्यांना चवीचं करून घाला, दोन शब्द बोला, ते जेवतील."

"चव मोजता येत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

बाबांनी मात्र काहीच तक्रार केली नाही. ते काट्याभोवती एकदा फिरले, पायाच्या अंगठ्याने पत्रा दाबून पाहिला, आकडा शून्यावर परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, आणि म्हणाले, "चांगला आहे काटा." जुना ड्रायव्हर काट्यापुढे इतका नरम का झाला, असा प्रश्न माझ्या मनात यायला हवा होता. त्याऐवजी मला वाटलं, माझ्याबद्दलचा आदर वाढला.

स्वयंपाक अर्थातच मी हाती घेतला, आणि दुपारच्या सुट्टीतही घरी येऊ लागलो. सोमवारी हरभरे, मंगळवारी मसूर, बुधवारी चवळी, गुरुवारी सोयाबीन, शुक्रवारी टोफू, शनिवारी राजमा, रविवारी जे उरलं असेल ते. मीठ मी मुद्दाम घातलं नाही. कारण सोपं आहे: मिठाने तहान लागते, तहान लागली की माणूस पाणी पितो, आणि प्यालेलं पाणी वजाबाकीत जेवण म्हणून येतं. त्याच कारणाने जेवताना पाणी बंद. तिखट बंद, कारण त्यानेही तहान लागते. कांदा-लसूण बंद नव्हते, पण त्यात प्रोटीन नसल्यासारखंच, मग उगाच जागा कशाला अडवा?

पहिल्या शुक्रवारी बाबांनी टोफूचा तुकडा उजेडात धरून पाहिला.

"जावईबापू, हा साबण कोणी अर्धवट वापरलाय का?"

"बाबा, त्यात भरपूर प्रोटीन आहे."

"साबणातही काही ना काही असेलच," असं म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला.

आणि आकडे आले! काय आकडे आले म्हणून सांगू! पहिल्या दिवशी दुपारी वजाबाकी चारशे ग्रॅम. संध्याकाळी चारशे. दुसऱ्या दिवशी चारशे, चारशे वीस. तिसऱ्या दिवशी चारशे, चारशे. चारशे ग्रॅम शिजवलेल्या हरभऱ्यात साधारण पस्तीस ग्रॅम प्रोटीन असतं. दोन वेळचं मिळून सत्तर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला आकडा मी ग्रॅमवर पकडला होता. मी आलेख काढला. तो आलेख इतका सरळ आला की खाली पट्टी ठेवल्यासारखा दिसत होता. मी तो फ्रीजवर चिकटवला.

एकच गोष्ट जरा विचित्र होती. पातेलं काही केल्या रिकामं होत नसे. बाबा व्यवस्थित जेवून उठलेले, काट्याने तशी साक्ष दिलेली, आणि पातेल्यात पुन्हा एका माणसाला पुरेल एवढं शिल्लक. मी शिजवताना हात सैल सोडतो, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. अन्न टाकायचं नाही ही मला लहानपणापासूनची शिकवण. तेव्हा माझं जेवण झाल्यावर मी ते उरलेलंही संपवायचो. दोन आठवड्यांत मला पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

एकोणिसाव्या दिवशी मी तो आलेख ऑफिसात नेला. अभिमानाची गोष्ट चार लोकांना दाखवावी, एवढाच हेतू. आमच्या फाटकावर एक मामा आहेत. जगातले सगळे ड्रायव्हर त्यांना ओळखतात आणि ते जगातल्या एकाही ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"रोजचं वजन आहे?"

"रोजचं. दोन वेळचं."

"कोणाची गाडी?"

"गाडी नाही हो मामा, आहे एक खाजगी काम."

"कोणाचं का असेना. हा माणूस चोर आहे."

"काहीतरीच काय!"

"अहो साहेब, रोज तोच आकडा? खरा माल कधी कमी भरतो, कधी जास्त भरतो. तोच आकडा रोज येतो तो खोट्या मालाचाच. याने वजन खिशात ठेवलंय. कोण आहे कोण हा?"

"सासरे," मी म्हणालो.

मामांनी कागद माझ्या हातात परत दिला. "काय करायचे ते?"

"ट्रक चालवायचे."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका गाडीला फाटक उघडायला निघून गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या दिवशी आतून पाहिला.

संध्याकाळी चवळी होती. बाबांना रिकामं तोललं. मग मी रोजच्यासारखा वही आणायला बाहेरच्या खोलीत गेलो, पण वही न घेता दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांनी दोन चमचे खाल्ले. मग शांतपणे उठून अख्खं ताट पातेल्यात उपडं केलं, वरून डावाने सारखं केलं, पुन्हा जागेवर बसले आणि रुमालाने तोंड पुसलं. मग हात धुवायला गेले. बेसिनजवळ खुंटीला त्यांची पिशवी टांगलेली असते. पिशवीत हात गेला, बाहेर आला, विजारीच्या खिशात गेला.

"चला जावईबापू, घ्या वजन," ते काट्यावर उभे राहून म्हणाले. नेमकी तेव्हाच बायको दुकानातून आली.

लाल आकडे स्थिर झाले. चारशे ग्रॅम जास्त.

"बाबा," मी म्हणालो, "जरा उडी मारा."

"काय?"

"जागच्या जागी. छोटीशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. त्यांनी उडी मारली. खिसा जुना होता. त्यातून एक भलामोठा पाना सटकला, विजारीच्या नळीतून खाली आला आणि पत्र्यावर असा आदळला की वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं.

आकडा मात्र होता तिथेच राहिला, कारण पाना अजून काट्यावरच होता. बाबांनी तो पायाने बाजूला ढकलला. पाना जमिनीवर पडला आणि आकडा तीनशे ऐंशी ग्रॅमने उतरला. उरले वीस ग्रॅम. दोन चमचे चवळी.

"एकोणीस दिवस!" बाबा काट्यावरून उतरत म्हणाले. "तुम्ही काट्यावरचे लोक पहिल्या दिवशी पकडाल असं वाटलं होतं मला."

"मग एवढे दिवस तुम्ही जगलात कशावर?" बायकोने विचारलं.

"चार वाजता फिरायला जातो ना मी. ट्रक उभे राहतात तिथे एक खाणावळ आहे. अंडी बरी असतात."

बायको मटकन खाली बसली, तीही काट्यावरच. (आकडा मी पाहिला नाही. म्हणजे पाहिला, पण इथे लिहीत नाही.) "बाबा, मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली, "त्या न्हाणीघरात तुम्ही दीड तास बसला होतात, ते आठवलं की मला झोप लागत नाही. आणि तुम्ही दोघं मिळून इथे चोर-पोलीस खेळताय!"

मग बाबा हळूच म्हणाले, "पोरी, मी फसवलं, माझं चुकलं. पण जावईबापू, एक सांगू? चाळीस वर्षं मी काट्यावर जाऊन उभा राहिलो. तोललं ते मालाला. जेवायला बसल्यावर तरी मला माल करू नका. घास उतरत नाही हो."

मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटलं की मी लगेच काटा उचलायला गेलो. तो हलला नाही. शेवटी एका बाजूने बाबांनी धरला, तेव्हा तो गच्चीत गेला.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा बाबांनी घेतला. "कोंबडी काय रोज मिळायची का रस्त्यात?" ते म्हणाले, "ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळीच शिजवल्या आम्ही. पण आधी कांदा चांगला काळपट होऊ द्यायचा. लसूण हाताने ठेचायचा. आणि मीठ घालायचं, जावईबापू. मीठ!" मसुरात त्यांनी शेंगदाणे कुटून घातले. हरभरे भाजून तिखटात घोळवले. टोफू हाताने कुस्करून मिरी टाकून अंड्यासारखा परतला आणि स्वतःच खाऊन आश्चर्यचकित झाले. पातेलं मध्ये ठेवून आम्ही तिघं जेवायचो, आणि कोणी किती घेतलं ते कोणालाही माहीत नसायचं. चार वाजताचं फिरणं उलट्या दिशेने सुरू झालं. पातेलं रोज रिकामं व्हायचं.

दीड महिना संपला. आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिपोर्ट चांगला होता. कोलेस्टेरॉल उतरलं होतं, वजन होतं तेवढंच होतं. मग यंत्र आलं. बाबांनी बाही सारली, दात आवळले आणि दाबलं.

तीस.

पुन्हा दाबलं. तीस.

"एका किलोने काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळमध्येसुद्धा एवढा फरक पडतो. खरं म्हणजे फारच छान चाललंय."

"बोललो ते बोललो," बाबा म्हणाले. "एकतीस म्हणजे एकतीस. बॅग भरायला हवी."

बायको पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. ती रडली नाही, कारण तसं ठरलं होतं. तिचं ते न रडणं मला बघवेना. आणि त्याच क्षणी माझ्यातला वजनकाट्याचा माणूस जागा झाला.

"एक मिनिट," मी म्हणालो. "या यंत्राची पडताळणी कधी झाली?"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई.

"म्हणजे हे बरोबर दाखवतं कशावरून? स्प्रिंग आहे ही. स्प्रिंग सैल होते, आकडा कमी येतो. आमच्याकडे दर वर्षी तपासणी होते. हे यंत्र कमी दाखवतंय, मी आत्ता सिद्ध करून देतो. मी धडधाकट माणूस आहे. माझं चाळीसच्या खाली येणं शक्य नाही. आलं, तर यंत्र खोटं. मान्य?"

"मान्य," बाबा लगेच म्हणाले.

मी उभा राहिलो. पाय फाकवले, श्वास भरला आणि सगळा जीव एकवटून दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तबकडी सगळ्यांसमोर धरली.

बावीस.

"बघितलंत!" मी विजयाने ओरडलो. "अठरा किलोची चूक! अहो, असं यंत्र आमच्या खात्यात असतं तर..."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः दाबलं. अठ्ठावीस. "माझी नेहमी अठ्ठावीसच येते," त्या म्हणाल्या. त्यांनी नर्सला हाक मारली. नर्सबाई किडकिडीत होत्या. सव्वीस. मग बायकोने पर्स बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. दिवसभर कात्री चालवणारा हात तो. तेहतीस.

आधी बाबांचे खांदे हलले, मग पोट, मग ते इतके हसले की नर्सबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

"एकोणीस दिवस माझ्या वाटणीचंही याच माणसाने खाल्लं!" ते म्हणाले. "दोन माणसांचं प्रोटीन, आणि बावीस!"

"यंत्राबद्दल मला अजूनही शंका आहे," मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

बाबांनी डोळे पुसले. "जावईबापू, नोकरी किती वर्षं राहिली तुमची?"

"आठ."

"डॉक्टर, हा माणूस वर्षाला एक किलो वाढेल का? व्यवस्थित खाऊ घातलं तर?"

"व्यायामही करवून घेतलात तर वाढेल," डॉक्टरीणबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

"मग झालं तर. बावीस आणि नोकरीची आठ, तीस. माझ्या बरोबरीला आला की मी माझ्या घरी जातो. तोवर याला असा पोरीच्या गळ्यात टाकून मला कुठे जाता येतंय? आठ वर्षं हलता येत नाही मला." एवढं बोलून ते खुर्चीत मागे रेलले. बायको एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि आता तिला कोणी अडवलं नाही.

तेव्हापासून मी बाबांच्या हाताखाली आहे. सकाळी भिजवलेले शेंगदाणे, मग पाण्याच्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन तीन जिने वर आणि खाली, मग सोयाबीन. संध्याकाळी एक जुनं टायर आहे, ते ढकलायचं. मी काही बोलत नाही. घरासाठी माणसाने थोडं सोसावं.

मागच्या आठवड्यात तीन महिने झाले म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझी पकड पुन्हा मोजली. बायको मुद्दाम दुकानातून सुट्टी घेऊन आली होती. मी सगळी ताकद लावली. काटा एकवीसवर थांबला.

माझी मान खाली गेली. पण बायकोचा चेहरा असा काही उजळला, की इतका आनंद मी तिला आमच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता.

"एकवीस?" ती टाळी वाजवून म्हणाली. "बाबा, म्हणजे नऊ वर्षं!"